सातबाऱ्याला किती प्रश्न विचारता येतात?

उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील १२४ गावांसाठी राज्य सरकारने २०२४ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. त्याच वर्षी जानेवारीत शिवडी-न्हावा हा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू खुला झाला होता. या दोन घटनांचा अर्थ खाडीकाठच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही. १९७० साली सिडको आली तेव्हा ठाणे-कुलाब्यातील ९५ गावांनी तो धडा घेतला आहे आणि १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात गोळीबारात पडलेल्या पाच जणांनी त्याची किंमत चुकविली आहे. त्यामुळे आज या १२४ गावांत जो प्रश्न विचारला जातो तो नेमका आहे: योजना कागदावर येण्याच्या आधीच्या दहा वर्षांत येथील जमीन कोणी घेतली, किती घेतली आणि कोणाकडून घेतली?

उत्तर सरकारदप्तरी आहे. खरेदीखते दुय्यम निबंधकाकडे नोंदली गेली आहेत, त्यांवरून गाव नमुना सहामध्ये फेरफार चढले आहेत, सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडून नवे नाव आले आहे. हे दप्तर आता संगणकात आहे. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा मोठा समारंभही झाला. तरीसुद्धा वरचा प्रश्न नागरिकाला विचारता येत नाही. दप्तर उघडे आहे आणि प्रश्नाला मात्र बंदी आहे, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे.

ती कशी निर्माण झाली हे पाहण्यासाठी ‘महाभूलेख’ या सरकारी व्यवस्थेत शिरणाऱ्या माणसाचा मार्ग तपासावा. प्रथम महसूल विभाग निवडावयाचा, रायगडसाठी कोकण. मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. गाव सांगितल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही. गाव सांगितले म्हणजे सर्व्हे अथवा गट क्रमांक द्यावयाचा, किंवा पहिले नाव, मधले नाव, आडनाव यांपैकी एकाने शोध घ्यावयाचा. नोंदणी खात्याच्या विनामूल्य शोधाची तऱ्हा याहून कडक: वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक हे सारे आधी द्यावे, मग सूची क्रमांक दोन दिसेल. म्हणजे ज्याला आपली जमीन कोणती हे ठाऊक आहे त्याला तिचा कागद मिळतो. त्या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तलाठ्याच्या दारातले हेलपाटे आणि हातावर ठेवावे लागणारे पैसे त्यामुळे कमी झाले. परंतु ज्याला गावाचे, तालुक्याचे, सबंध किनाऱ्याचे काय झाले हे विचारावयाचे आहे, त्याने १२४ गावे एकेक करून उघडावीत, प्रत्येक गावातील शेकडो गट एकेक करून पाहावेत आणि दहा वर्षांची खरेदी एकेक करून तपासावी, अशी ही रचना आहे. ती कोणत्याही माणसाला शक्य नाही.

यंत्राला मात्र ते शक्य आहे, नव्हे, यंत्र त्यासाठीच जन्मले. नोंदवही म्हणजे ओळी आणि रकाने. एका ओळीत एक जमीन. रकान्यांत गाव, गट, क्षेत्र, धारक, फेरफार क्रमांक, इतर हक्क. जी नोंदवही एकाच रकान्याच्या क्रमाने लावलेली असते तिच्यात त्या एकाच वाटेने शिरता येते; गटाच्या क्रमाने लावलेल्या वहीत नाव शोधावयाचे तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जावे लागते. अमेरिकेने १८९० च्या जनगणनेत भोके पाडलेली कार्डे वापरली ती ही अडचण दूर करण्यासाठी. कार्डावरील कोणत्या भोकांची जोडी मोजावयाची हे ठरविले की परदेशात जन्मलेले आणि अमुक धंदा करणारे किती, याचा आकडा यंत्र काढून देई. १९७० साली एडगर कॉड या शास्त्रज्ञाने तक्त्यांवर आधारलेल्या माहितीसाठ्याचा सिद्धान्त मांडला आणि पुढच्या दशकांत तो सर्वत्र रूढ झाला. त्याचा गाभा शेतकऱ्याला समजेल इतका सोपा आहे. कोणत्याही रकान्यावर अट घालता यावी आणि अटी ‘आणि’, ‘किंवा’, ‘खेरीज’ या तीन शब्दांनी जोडता याव्यात. तालुका पेण आणि फेरफाराचे वर्ष २०१५ नंतरचे आणि घेणारा कंपनी. वारसाच्या नोंदी खेरीज. एवढ्या चार अटी दिल्या की यादी समोर यावी. ज्या संगणकात रायगडचा सातबारा साठविला आहे त्याला हे येत नाही असे कोणी म्हणत असेल तर तो अज्ञानी तरी आहे किंवा लबाड तरी.

किनाऱ्यावरील शेतकऱ्याचा लढा पहिल्यापासून या रकान्यांशी जोडलेला आहे. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू झाला आणि २५ गावांत सुमारे सहा वर्षे चालला, तो खंडाच्या ओझ्याविरुद्ध होता. पण खोताची सत्ता ज्यावर उभी होती तो आधार असा की जमीन ज्याच्या घामाने पिकत होती त्याचे नाव दप्तरी नव्हते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात आणले, १९४८ साली कुळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनी कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. त्या दिवशी कायद्याने वस्तुतः दप्तराला एक प्रश्न विचारला होता: या तारखेला जमीन कोण कसत होते? उत्तर पाहणीपत्रकात होते. पिकाच्या नोंदीशेजारी ‘रीत’ नावाचा एक लहानसा रकाना असे. जमीन धारक खुद्द कसतो की दुसऱ्याकडून कसवितो, हे त्यात एका आकड्याने लिहीत. मालकीहक्काचा सारा भार या एका आकड्यावर येऊन पडला. जमीनदारांना हे कुळांच्या आधी कळले होते. ज्या गावी तलाठी त्यांच्या वाड्यावर बसून वही लिहीत असे, तेथे पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस त्या आकड्याच्या एका फेऱ्यात मजूर होऊन गेला.

आता कल्पना करावी की कृषिदिनानंतर कार्यकर्त्यांच्या हाती असे साधन असते की ज्याने १९५५ साली कुळाची रीत आणि १९५७ साली खुद्दची रीत, आणि दोन्ही वर्षी धारक तोच, अशा सर्व जमिनी एका यादीत काढता आल्या असत्या. प्रत्येक कुळाला एकेकटे मामलेदार कचेरीत उभे राहून आपली फसवणूक सिद्ध करावी लागली. ती यादी हाती असती तर फसवणूक एका कुळाची राहिली नसती, सबंध तालुक्याची पद्धत म्हणून उघडी पडली असती.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याची कथा याहून बोलकी आहे. पुढे १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर ठरली आणि पती, पत्नी व अज्ञान मुले यांचे मिळून एक कुटुंब धरले गेले. हा कायदा अमलात आणावयाचा म्हणजे काय करावयाचे? एका माणसाचे नाव राज्यातील सर्व गावांत शोधावयाचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे नाव शोधावयाचे, क्षेत्रांची बेरीज करावयाची आणि बेरीज मर्यादेपेक्षा अधिक निघाली तर उरलेली जमीन काढून घ्यावयाची. वही गावागावांत वेगळी आणि बेरीज करणारा कोणी नाही, म्हणून धनिकांनी स्वतःच्याच विवरणपत्रात जे लिहिले त्यावर सरकारला बव्हंशी विसंबावे लागले. गोठ्यातल्या बैलाच्या आणि न जन्मलेल्या नातवाच्या नावाने जमिनी ठेवल्याचे विनोद त्या काळी महाराष्ट्रभर सांगितले जात. तेव्हा सरकारचा बचाव असे की एवढे दप्तर चाळणार कोण? तो बचाव त्या काळी काही अंशी खरा होता. आज तो उरलेला नाही.

तो उरलेला नाही याचा पुरावा सरकारनेच दिला आहे. २०१९ साली पंतप्रधान किसान सन्मान निधी सुरू झाला. वर्षाला ६००० रुपये. लवकरच खातेदारांची नावे आधार क्रमांक आणि प्राप्तिकराची नोंद यांच्याशी ताडून पाहण्यात आली आणि प्राप्तिकर भरणाऱ्या ज्या खातेदारांनी हप्ते घेतले होते त्यांना वसुलीच्या नोटिसा तहसीलदारांमार्फत गेल्या. चूक असेल तर वसुली व्हावी, त्याबद्दल तक्रार नाही. लक्षात घेण्याची गोष्ट ही की दोन वेगळ्या खात्यांची दोन वेगळी दप्तरे, कोट्यवधी ओळींची, एका समान रकान्यावर जुळविली गेली आणि दोन-दोन हजारांचे हप्ते शोधून काढले गेले. आता ॲग्रीस्टॅक योजनेत शेतकऱ्याच्या निरनिराळ्या गटांना आधारशी जोडून त्याला एक ओळख क्रमांक देण्यात येतो. म्हणजे एका माणसाची सर्व गावांतील जमीन एका क्रमांकाखाली आणण्याचे जे काम १९६१ पासून अशक्य म्हटले जात होते, ते लहान शेतकऱ्याला अनुदान देताना शक्य झाले. मांडवा, आवास, किहीमच्या नारळी-पोफळीच्या वाड्या ज्यांनी कुंपणे घालून घेतल्या त्यांच्या बाबतीत तेच यंत्र अजून गाव विचारते आणि गट क्रमांक विचारते.

इतके झाले तरी केवळ सरकारवर टीका करून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. जे साधन आज उपलब्ध आहे ते तरी नीट वापरता आले पाहिजे, आणि येथे अनेक चांगल्या कार्यकर्त्यांची फसगत होते. रायगडच्या किनाऱ्यावर एका गावात निम्मी खाती पाटलांची, उरलेली म्हात्रे, ठाकूर, घरत यांची असणे नवलाचे नाही. आडनाव एकटे दिले तर यादी हाताबाहेर जाते. म्हणून माणूस एकदम तिन्ही नावे घालतो आणि यंत्र सांगते की अशी नोंद नाही. वारस हताश होऊन परत जातो, क्वचित दलालाकडे जातो. नोंद असते, ती वेगळ्या अक्षरांत असते. हस्तलिखित वहीवरून संगणकात उतरविताना ‘पाटील’चे ‘पाटिल’ आणि ‘ठाकूर’चे ‘ठाकुर’ झाले, आणि यंत्राच्या दृष्टीने ऱ्हस्व आणि दीर्घ ही दोन भिन्न माणसे आहेत. ‘आणि’ने जोडलेली प्रत्येक अट यादी लहान करते, त्यांतली एक जरी चुकली तरी हवी ती ओळच गळून जाते. तेव्हा ज्या रकान्याची खात्री आहे तेथून सुरुवात करावी, शंका असेल तेथे नावाची पहिली दोन अक्षरेच द्यावीत, प्रत्येक लेखन वेगवेगळे घालून पाहावे आणि मिळालेल्या याद्या कागदावर एकत्र कराव्यात. ‘किंवा’चे काम यंत्र करू देत नाही, ते माणसाने करावे. चूक निव्वळ लेखनाची असेल तर जमीन महसूल संहितेच्या १५५ व्या कलमाखाली तहसीलदाराकडून ती दुरुस्त करून घेता येते.

जुन्या कागदात अडचण वाढते. तेथे आडनावच नसते. ‘नामा बिन काळू’ एवढेच असते, किंवा नावापुढे आगरी, कोळी अशी जात लिहिलेली असते. नातवांनी शाळेत पाटील लावलेले असते. जिल्ह्याचे नावसुद्धा १९८१ पर्यंत कुलाबा होते. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी वारस शोधताना उरण-पनवेलच्या कित्येक घरांनी हा चक्रव्यूह अनुभवला आहे. तेथे आडनावाची वाट सोडून सर्व्हे क्रमांक आणि बापाचे नाव ही जोडी धरावी लागते, आणि एका फेरफारावरून त्याच्या आधीच्या फेरफारावर असे मागे मागे जावे लागते.

या साऱ्यात सर्वाधिक हरवते ती स्त्री. जुन्या नोंदीत ती ‘भ्रतार अमुक’ म्हणून येते, स्वतःचे आडनाव घेऊन येतच नाही. मुलगी लग्न होऊन अलिबागहून मुरूडला गेली की तिचे पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव या तिन्ही रकान्यांपैकी बहुधा दोन बदलतात आणि कित्येकदा तिसराही. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाबरोबरीचा हिस्सा दिला. भावांनी वारसनोंदीत तिला वगळले तर ती स्वतःच्या नावाने शोध घेऊन ते ओळखू शकत नाही, कारण नसलेली नोंद सापडत नसते. तिच्यासाठी प्रश्न उलटा विचारावा लागतो: या गावात बापाच्या मृत्यूनंतरचे वारसाचे असे फेरफार कोणते की ज्यांत एकाही मुलीचे नाव नाही? हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारला आणि उत्तर गावनिहाय छापले तर एका कायद्याची किती अंमलबजावणी झाली ते एका दिवसात कळेल.

रकाना नसेल तर प्रश्नही नसतो, ही याची पुढची पायरी. वरसोली, थळ, कोर्लईच्या कोळणी ज्या खळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मासळी सुकवितात ती जागा दप्तरी बहुधा सरकारी पड म्हणून आहे. वापराचा हक्क कोठेच लिहिलेला नाही, म्हणून एखाद्या प्रकल्पासाठी मोकळी सरकारी जमीन शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या यादीत ती पहिल्यांदा येते. पेण आणि अलिबागच्या खारजमिनीत बांध फुटून भरतीचे पाणी शिरले आणि भाताच्या जागी तिवरे उभी राहिली, की काही वर्षे पिकाच्या नोंदीत नुसते ‘पड’ लागत जाते. मुंबईस कामाला गेलेल्याचे शेत पड, गुंतवणूकदाराने तारा ओढून सोडून दिलेले शेत पड आणि समुद्राने खाल्लेले शेतही पड. १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने सरकारी योजनेतील बांधाची जबाबदारी सरकारवर आहे. पण बांध न राखल्यामुळे पड पडलेली जमीन किती, हा प्रश्न या एका शब्दाच्या आड सुरक्षित राहतो. पुढे तिवरांना २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने संरक्षण मिळाले, ते योग्यच आहे, परंतु शेतकऱ्याची जमीन कोणाच्या हयगयीने गेली याची नोंद त्याआधी व्हावयास हवी होती. डोंगराकडच्या कातकऱ्याविषयी तर बोलावयासच नको. त्याचे नाव कोणत्याच रकान्यात नाही, म्हणून तो कोणत्याच यादीत येत नाही, फक्त अतिक्रमणाच्या यादीत येतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. नावाची अट घालून सबंध जिल्हा शोधता येऊ लागला तर त्याचा पहिला उपयोग सावकार करील, जमिनीचा दलाल करील. कोणत्या विधवेच्या नावे खाडीकाठी दोन एकर आहेत आणि मुले मुंबईस आहेत, हे त्याला घरबसल्या कळेल. ही भीती खरी आहे, आणि म्हणून सरसकट सर्व नावे सर्वांना खुली करा अशी मागणी करणे शहाणपणाचे नाही. पण व्यक्तीच्या खाजगीपणाचे पांघरूण कंपन्यांच्या अंगावर घालण्याचे कारण काय? २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील खाजगी माहितीचे कलम अधिक आवळले आहे. तो कायदाही जिवंत माणसाच्या माहितीपुरताच आहे. कंपनीला खाजगी आयुष्य नसते. तेव्हा रेषा येथे आखावी: कंपन्या, संस्था, न्यास आणि भागीदाऱ्या यांची जमीन जिल्हाभर आणि राज्यभर नावाने शोधता यावी, व्यक्तींच्या बाबतीत नावे झाकून गावनिहाय व सालवार बेरजा प्रसिद्ध व्हाव्यात, म्हणजे किती खरेद्या, किती क्षेत्र, घेणारे तालुक्यातले किती आणि बाहेरचे किती, हे दिसेल, आणि खातेदाराला स्वतःच्या व स्वतःच्या पूर्वजांच्या नावाचा शोध गावाच्या भिंतीबाहेर घेता यावा.

ही भिक्षा नव्हे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने २००५ पासून प्रत्येक सरकारी कार्यालयावर दप्तराची अशी सूची व अनुक्रमणी ठेवण्याचे बंधन घातले आहे की जिच्यामुळे माहिती मिळविणे सुकर व्हावे. आजवर अशा अर्जाला ठराविक उत्तर येते की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. जी माहिती दप्तरी तयार नाही ती गोळा करून देण्याची सक्ती नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली म्हटले आहे, त्याचा आधार दिला जातो. वह्यांच्या काळात या उत्तराला अर्थ होता. जेथे संकलन म्हणजे चार अटी घालून एक कळ दाबणे एवढेच उरले आहे, तेथे याच उत्तराची कसोटी आयोगापुढे आणि न्यायालयापुढे लागली पाहिजे, आणि त्यासाठी अर्ज नेमक्या शब्दांत लिहिले गेले पाहिजेत: कोणते गाव, कोणती वर्षे, कोणता फेरफार प्रकार, कोणता धारक वर्ग.

तोवर वही हाती घ्यावी लागेल. २००८ साली २१ सप्टेंबरला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांनी विशेष आर्थिक क्षेत्रावर मतदान केले, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या मागे गावोगावचे जे कार्यकर्ते होते त्यांना आपापल्या गावातील गट आणि माणसे तोंडपाठ होती, म्हणून तो लढा उभा राहिला. अधिसूचनेत जमीन क्रमांकाने येते, तिच्यामागे घर कोणाचे ते लिहिलेले नसते. १२४ गावांतील प्रत्येक गावात एका कार्यकर्त्याने पावसाळ्यापूर्वी एक तक्ता करावा: गट क्रमांक, आजचा धारक, २०१४ चा धारक, फेरफाराचा क्रमांक व साल, घेणाऱ्याचा पत्ता, मुलींची नावे आहेत की नाहीत, आणि पड असल्यास ती कशामुळे. रकाने सर्व गावांत तेच आणि त्याच क्रमाने असावेत, नावे एकाच पद्धतीने लिहावीत. तलाठ्याकडील फेरफार नोंदवही पाहण्याचा अर्ज प्रथम द्यावा, कारण तिच्यावाचून तिसरा आणि चौथा रकाना भरता येणार नाही.